दऱ्यांचा दर्या: सहाशे पिक्सेलांच्या एका पट्टीचं प्रकरण

पट्टी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'पुन्हा दर्याखोर्यांत'. रफार थेट 'य'च्या डोक्यावर. आमचा गट वर्षानुवर्षं सह्याद्रीत भटकतोय. समुद्राशी आमचा संबंध म्हणजे हरिहरेश्वरला गाडीतून उतरून भजी खाण्यापुरता. आणि गटाच्या प्रत्येक मेलखाली आम्ही आता दर्यावर्दी ठरत होतो.

गटात सत्तरेक माणसं आहेत. दर महिन्याला सगळ्यांना एक मेल जातो: कुठे जायचं, स्वारगेटला किती वाजता जमायचं, डबा आणायचा की गावात जेवायचं, वर्गणी किती. त्या मेलखाली सहीसारखी एक शोभेची पट्टी असावी असं बैठकीत ठरलं. रुंदी ६०० पिक्सेल, उंची १५०, वजन १०० केबीच्या आत. पट्टीवर राजगड हवा आणि 'पुन्हा दऱ्याखोऱ्यांत' ही ओळ हवी. मागणी एवढीच. खजिनदार काकांच्या भाच्याने मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये एका संध्याकाळी ती करून दिली, फुकट. त्यामुळे त्याला नावं ठेवायची नाहीत हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मी जे उपद्व्याप केले त्यात दोन संध्याकाळी फुकट गेल्या, आणि मी तर या कामाचे पैसे घेणारा माणूस. पत्रिका, फ्लेक्स, दुकानाच्या पाट्या हाच माझा धंदा.

त्या पहिल्या पट्टीत काय नव्हतं! मागे किल्ल्याचा फोटो, त्यावर भगव्यातून पिवळ्यात जाणारा ग्रेडियंट, कोपऱ्यात फडकता झेंडा, कडेने वेलबुट्टी. अक्षरं सोनेरी, त्यांना उठाव, उठावाला काळी सावली, सावलीबाहेर पांढरी कड. वरून सूर्याची तिरीप. दहा बाय सहाच्या फ्लेक्सवर हे सगळं खपतं, कारण फ्लेक्स चौकात असतो आणि आपण सिग्नलला थांबलेलो असतो. ही पट्टी मोबाइलवर एसटीच्या तिकिटाएवढी दिसते.

तक्रारी आठवडाभरात आल्या. शाळेत मराठी शिकवणाऱ्या आमच्या एका ताईंनी फक्त 'दर्या?' एवढंच लिहून पाठवलं. ज्यांचा फोन रात्री काळ्या पडद्यावर असतो त्यांना ओळीचा खालचा अर्धा भाग दिसेचना, कारण पट्टीची खालची कड पारदर्शक ठेवलेली आणि सावली काळी. खजिनदार काकांनी तर पहिल्या दिवशीच भाच्याला विचारलं होतं, "अरे, हा तोरणा आहे. राजगड कुठाय?" नेटवर 'राजगड' शोधून जो फोटो वर आला तो त्याने उचलला होता. बहुधा राजगडावरून काढलेला तोरण्याचा. शिवाय फोटो कुणाचा, परवानगी आहे का, हा प्रश्न होताच. फोटो नेटवर सापडला म्हणून तो आपला होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्यावर सहसा काढणाऱ्याचा हक्क असतो. त्यामुळे फोटो बदलणं भागच होतं. तेवढ्यात 'तू करतोस का?' असं मला विचारलं गेलं आणि मी हो म्हणालो.

आधी त्या दर्याचं बघू, कारण सगळं तिथूनच फिरलं.

मराठीत 'र'ला पुढचं व्यंजन जोडायच्या दोन तऱ्हा आहेत. सूर्य, कार्य, आचार्य यांत रफार येतो. दऱ्या, तऱ्हा, सुऱ्या, वाऱ्यावर यांत 'र' आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. उच्चारातला फरक आपल्या कानाला लगेच कळतो: पहिल्यात आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. शाळेत आचार्यांना आणि आचाऱ्यांना हे उदाहरण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. एकांना नमस्कार करायचा, दुसऱ्यांना भाजी विचारायची. हिंदीत हा आडवा 'र' लागत नाही. त्यामुळे देवनागरी म्हणून जे कीबोर्ड आणि फॉन्ट आधी हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनतात, त्यांत तो कुठेतरी अडगळीत पडलेला असतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी ठरलेल्या संगणकी अक्षरसंचात, त्याची सोय आहे: खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्डवर साधा 'र' जिथे आहे तिथेच शिफ्ट धरून दाबलं की टिंबवाला ऱ येतो. भाच्याने मोबाइलवर जे सुचवलं गेलं ते बोट लावून घेतलं. दोष त्याचा नाही असं मी म्हणतो ते याचमुळे. 'दर्या' हाही मराठी शब्दच आहे, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारं यंत्र असतं तरी गप्प बसलं असतं.

मी म्हटलं, सोपं आहे. एक अक्षर बदलायचं, फोटो बदलायचा, दोन-चार दागिने उतरवायचे. तासाभराचं काम.

आणि मग मी तेच केलं जे मी कायम करतो: फोटोपासून सुरुवात. गटातल्या एकाने राजगडाच्या सुवेळा माचीचा छान फोटो काढलेला होता, सकाळचा. त्यात माचीचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, स्पष्ट दिसत होतं, पलीकडच्या उजेडासकट. फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलांचा, म्हणजे सव्वा कोटीच्या जरा आत. त्यातून चारास एक या प्रमाणात पट्टी कापली, ४००० बाय १०००. रंग जुळवले, आकाशातला एक विजेचा खांब पुसला, पुढच्या झाडीत थोडा अंधार वाढवला. एक अख्खी संध्याकाळ. पडद्यावर तो फोटो इतका देखणा दिसत होता की मी बायकोला बोलावून दाखवला.

मग तो ६०० वर आणला. ४००० चे ६०० झाले म्हणजे मूळचे ४४ पिक्सेल मिळून एक उरला. पुसलेला खांब, अंधारलेली झाडी, कातळावरचा उजेड, सगळं एका राखाडी लगद्यात गेलं. नेढं मूळ फोटोत वीस पिक्सेल रुंद होतं, ते आता तीन पिक्सेलांचं झालं, आणि त्यांतले दोन कडेच्या सावलीने खाल्ले. उरलेला एक पांढरा ठिपका स्क्रीनवर धूळ बसल्यासारखा दिसत होता. मी तो खरोखर बोटाने पुसायला गेलो.

दुसऱ्या संध्याकाळी अक्षरं. माझ्याकडचं फोटोचं सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीचं आहे. त्यात 'पुन्हा' टाइप केलं तर 'न' हलन्तासकट उभा राहिला आणि 'हा' त्याच्याशेजारी परक्यासारखा. 'दऱ्या'मध्ये टिंबवाला ऱ, त्याच्या पायाशी हलन्त, शेजारी 'या'. जोडाक्षर नावाची गोष्टच नाही. धंद्यातल्या लोकांना हे नवं नाही. आम्ही वर्षानुवर्षं बिगर-युनिकोड फॉन्ट वापरून ही अडचण टाळत आलो. त्या फॉन्टांत मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी कळांवर बसवलेली असतात; सॉफ्टवेअरला वाटतं इंग्रजीच चाललंय, आणि पडद्यावर मराठी दिसतं. जोपर्यंत फाइल तुमच्याच मशिनवर आहे तोपर्यंत उत्तम. तो फॉन्ट नसलेल्या मशिनवर उघडली की कंसांची, टक्क्यांची आणि उद्गारचिन्हांची रांग. गटाची फाइल उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार, मग हे करून चालणार नव्हतं.

तरी मी तसंच केलं, कारण फोटो त्याच फाइलमध्ये तयार होता आणि रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ओळ बसवली. रुंदी भरून काढायला अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवलं. इंग्रजीत ही युक्ती चालते, देवनागरीत ती शिरोरेघेचे तुकडे पाडते. प्रत्येक अक्षर आपापली टोपी घालून वेगळं उभं. मग तुकडे झाकायला जाड कड दिली, कडेने 'खो'ची मात्रा बुजली, मात्रा दिसावी म्हणून अक्षर मोठं केलं, मोठं केल्यावर 'पु'चा उकार पट्टीच्या तळाला टेकला. एका चुकीवर दुसरी चढवत मी जिथे पोचलो ते भाच्याच्या पट्टीहून फार वेगळं नव्हतं. फक्त 'ऱ्या' बरोबर होता.

शेवटी ती जेपेग करून पाठवली: वजन ३० केबी, कुणाचीच तक्रार नसावी असं. सकाळी मोबाइलवर उघडली तर लालसर अक्षरांच्या कडेने मळकट ठिपके. जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन करतं आणि त्यातला बारकावा कमी करतं. वर रंगाची माहिती सहसा उभी-आडवी निम्मीच ठेवतं, कारण डोळ्याला उजेडातला फरक जास्त कळतो आणि रंगातला कमी. फोटोत हे खपून जातं. निळ्या डोंगरावर लाल अक्षराची धारदार कड ठेवली की रंग कडेबाहेर सांडतो. मी रोज जेपेग बनवतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण फ्लेक्सच्या फाइलमध्ये एक पिक्सेल म्हणजे काहीच नसतं. इथे तीन पिक्सेलांत अख्खं नेढं होतं.

ती पट्टी मी मागे घेतली. गटावर लिहिलं, 'दोन दिवस द्या.' दिले पंधरा.

मधल्या काळात एका लग्नपत्रिकेच्या कामात एका घराण्याचा जुना मोडी कागद बघायला मिळाला. यजमानांना त्यातली चार अक्षरं पत्रिकेच्या मागच्या बाजूला छापून हवी होती. मोडी मला वाचता येत नाही, पण तो कागद बघताना एक गोष्ट नजरेत भरली. लिहिणाऱ्याने आधी कागदभर आडव्या रेघा मारून घेतलेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अक्षरं नंतर त्या रेघांना टांगलेली. शब्दांमध्ये जागा नाही, रेघ कुठे तुटत नाही. रेघ आधी, मजकूर मागाहून.

मी इतकी वर्षं उलट करत होतो. चित्र आधी, मग जिथे जागा उरेल तिथे अक्षर, आणि शिरोरेघ अक्षराबरोबर जी काय येईल ती. सहाशे पिक्सेलांच्या पट्टीत सर्वांत लांब, सर्वांत ठळक, एका नजरेत दिसणारी आकृती कुठली? डोंगर नव्हे, झेंडा नव्हे. ती शिरोरेघ. मग तिलाच जमीन का करू नये?

या वेळी जिंप घेतलं. नव्वदच्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण मी ते घेतलं ते फुकट म्हणून नव्हे; त्यात मराठी जोडाक्षरं टाइप करताक्षणी जुळतात म्हणून. अक्षरं जुळवायचं काम तिथे हार्फबझ नावाचं वेगळं यंत्र करतं, आणि त्याला देवनागरीचे नियम ठाऊक आहेत. विकतच्या सॉफ्टवेअरांच्या नव्या आवृत्त्यांतही दक्षिण आशियाई लिप्यांसाठी वेगळी सेटिंग असते, ती काही वेळा शोधून चालू करावी लागते; माझी आवृत्ती तिच्याआधीची. जिंपच्या टेक्स्ट टूलमध्ये भाषा निवडायचीही सोय आहे. फॉन्टमध्ये मराठी वळणं दिलेली असतील तर मराठी निवडल्यावर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. आमच्या ओळीत ना 'ल' होता ना 'श', म्हणून यात वेळ गेला नाही. तुमच्या गावाचं किंवा आडनावाचं काम असेल तर आधी हे बघा.

फाइल उघडली १२०० बाय ३०० ची, म्हणजे दुप्पट. आजच्या मोबाइलच्या पडद्यांवर ६०० ची पट्टी ६०० पिक्सेलांतच दिली तर ती पुसट दिसते; दुप्पट करून मेलमध्ये ६०० रुंदीलाच बसवायची. पार्श्वभूमी रिकामी ठेवली, फोटोचा पत्ता नाही. फक्त अक्षरं: 'पुन्हा दऱ्याखोऱ्यांत'.

फॉन्ट निवडताना एक नियम लावून घेतला: प्रत्येक फॉन्ट अंतिम आकारातच बघायचा, मोठा करून नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले बरेच देवनागरी फॉन्ट मोफत उपलब्ध आहेत. त्यांतला मोदक मला मनापासून आवडतो, पण तो पाटीवर फुटाच्या आकारात मिरवायचा फॉन्ट आहे; पट्टीत त्याच्या अक्षरांमधल्या त्या बारीक फटी मिटल्या आणि ओळीचे खरोखरच मोदक झाले. बलू गोंडस दिसला, गडाशेजारी मात्र तो मुलांच्या वाढदिवसासारखा वाटला. शेवटी साध्या, जाड, सरळ वळणाच्या अक्षरावर आलो. देवनागरीला वरती आणि खालती दोन्हीकडे जागा लागते हे इंग्रजी पट्ट्या बघून बघून आपण विसरतो. या एका ओळीत वर 'खो'ची मात्रा आणि 'यां'चा अनुस्वार आहे, खाली 'पु'चा उकार. तीनशे पिक्सेल उंचीपैकी शिरोरेघ साधारण मध्यावर आली तरच दोन्ही मावतात. ती मध्यावर आली, आणि पट्टीचे आपोआप दोन भाग झाले: वर आकाश, खाली जमीन.

आता रेघ अक्षरांच्या दोन्ही बाजूंना पट्टीच्या कडेपर्यंत न्यायची. चौकोनी सिलेक्शन करून रंग भरला, सहा पिक्सेल जाड. जवळून बघितलं तर 'पु'च्या डाव्या टोकाला एक पायरी. फॉन्टची स्वतःची शिरोरेघ ८८ आकाराला ६.८ पिक्सेल जाड येत होती. म्हणजे सहा ओळी पूर्ण रंगाच्या आणि सातवी फिकट. माझी रेघ सहाची. जोड डोळ्याला खुपेल एवढा मोठा नव्हता, पण कुठेतरी काहीतरी उसवलंय असं वाटत राहील एवढा होता. माझी रेघ सातची करून चाललं नसतं. पट्टी निम्म्यावर येते तेव्हा साताचे साडेतीन होतात, आणि साडेतीन पिक्सेल म्हणजे पुन्हा खाली एक राखाडी ओळ. म्हणून अक्षराचा आकारच ८८ वरून ७८ वर आणला. शिरोरेघ बरोबर सहा झाली, निम्म्यावर तीन. मग अक्षरांचा लेयर, म्हणजे चित्रातला त्यांचा वेगळा थर, वरखाली एकेक पिक्सेल सरकवून तिची वरची कड पिक्सेलांच्या ओळीवर नेमकी बसवली. इतकं केल्यावर ती रेघ कापल्यासारखी धारदार झाली. पट्टीत एकूण नजरेत भरणारी सफाई जी काय आहे, ती या दहा मिनिटांतून आली आहे.

दोन शब्दांच्या मध्ये काय करायचं यावर मात्र अडलो. रेघ सलग ठेवली तर ती मोडीसारखी देखणी दिसते, पण आजचा वाचक 'पुन्हादऱ्याखोऱ्यांत' असं एका दमात वाचतो. दोघा-तिघांना दाखवलं, तिघेही अडखळले. शब्दांच्या मध्ये २४ पिक्सेलांची फट ठेवली. मोडीचा मोह आवरला. कागद वाचणारा कारकून तयार असायचा, मेल वाचणारा घाईत असतो.

डोंगर सर्वांत शेवटी आला, तोही फोटो म्हणून नाही. सुवेळा माचीचा तोच फोटो खाली ठेवून पाथ टूलने फक्त तिची वरची रेषा गिरवली आणि आत सपाट रंग भरला. माची शिरोरेघेवर उभी राहिली, डावीकडे उंच, उजवीकडे उतरत गेलेली. मागे आणखी दोन डोंगररांगा, एकीपेक्षा दुसरी फिकी. पावसाळ्याच्या तोंडावर गडावरून बघितलं की पलीकडची रांग निळसर, तिच्यापलीकडची राखाडी, शेवटची आकाशात मिसळलेली दिसते, तसं. खालची जमीन सर्वांत गडद. अक्षरं सायीच्या रंगाची. मात्रा आणि अनुस्वार शिरोरेघेच्या वर जातात, तिथे मागे गडद डोंगर येईल अशी माची थोडी सरकवावी लागली, नाहीतर सायीच्या रंगाचा अनुस्वार फिक्या आकाशात हरवत होता. 'दऱ्याखोऱ्यांत'चं 'दऱ्याखोऱ्यात' होणं आम्हाला परवडणारं नव्हतं. ताईंचा पुन्हा मेल आला असता.

सपाट रंगांमागे दुसरंही कारण होतं. आधी मी आकाशाला ग्रेडियंट दिला होता. पीएनजी, म्हणजे जेपेगसारखाच पण बारकावा न गमावणारा चित्राचा फाइल-प्रकार, पूर्ण रंगांत काढली की वजन मर्यादेबाहेर जायचं. रंग कमी करून ६४ वर आणले की आकाशात आडवे पट्टे उमटायचे. पट्टे मोडायला ठिपक्यांची मिसळण केली की वजन पुन्हा वाढायचं, कारण पीएनजीचा दाबण्याचा हिशेब सारख्या रंगांच्या सलग पट्ट्यांवर चालतो आणि ठिपके तो सगळा मोडतात. मोजक्या सपाट रंगांत काहीच अडलं नाही. रंग आणि त्यांच्या कडांच्या मधल्या छटा धरून ३२ पुरले. वजन २६ केबी, दुप्पट आकार असूनही. चित्र मेलमध्येच घालून पाठवलं की ते मजकुराच्या रूपात बदलून जातं आणि वजन तिसऱ्या हिश्शाने वाढतं, म्हणजे ३५ केबीच्या आसपास. सत्तर जणांना, दर मेलला, आणि त्याला उत्तरं देणाऱ्यांच्या मेलखाली परत. हे ओझं दिसत नाही, पण ते असतं.

पारदर्शकता काढून टाकली. पट्टीला स्वतःची जमीन आणि स्वतःचं आकाश आहे, फोनचा पडदा काळा असो की पांढरा, तिला फरक पडत नाही. झेंडा, वेलबुट्टी, तिरीप यांतलं काही परत आलं नाही. उठाव, सावली, कड, तिन्ही गेले. झेंड्यावरून थोडी चर्चा झाली. बारा पिक्सेलांत झेंडा काढून दाखवला, तो पतंगासारखा दिसला, चर्चा संपली. एकाने सुचवलं की कार्यकारिणीतल्या सगळ्यांचे छोटे गोल फोटो खाली घ्यावेत. त्यावर मी उत्तर दिलं नाही, आणि सुदैवाने दुसऱ्या कुणीही दिलं नाही.

निर्यात करताना आणखी एक काम केलं, जे पहिल्या दोन्ही पट्ट्यांत राहिलं होतं. मोबाइलवर काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख, वेळ आणि बऱ्याचदा जागेचे अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. राजगडाचा पत्ता गुपित नाही, हे खरं. पण हाच प्रकार घरच्या गणपतीच्या फोटोवरून केलेल्या पट्टीत झाला तर घराचा पत्ता सत्तर जणांकडे जातो. निर्यातीच्या खिडकीत ती माहिती वगळायची खूण असते, ती केली. चित्राच्या पर्यायी मजकुरात तीच ओळ टाकली, 'पुन्हा दऱ्याखोऱ्यांत', कारण काही ऑफिसांत मेलमधली चित्रं आधी अडवली जातात, आणि गटातल्या एका सदस्यांना दिसत नाही, ते मेल फोनकडून वाचून घेतात. ही सूचना त्यांचीच. मला आपणहून सुचली असती असं वाटत नाही. त्यांच्या फोनने ती ओळ वाचली तेव्हा 'दऱ्या' दऱ्याच वाचलं.

राहता राहिलं नेढं. नव्या पट्टीत माचीच्या आकृतीत भोक पाडून मागचं आकाश दाखवायचं होतं. मोजून काढलं तर ६०० च्या आकारात तीनच पिक्सेल. धूळच. म्हणून मी ते सात पिक्सेल केलं, दुपटीहून मोठं, आणि वरची कमान जरा गोलसर. खोटं आहे. पण सात पिक्सेलांना नेढं दिसतं आणि नेढं दिसलं की राजगड ओळखू येतो, नावही लिहावं लागत नाही. तिकिटाएवढ्या जागेत खरं माप ठेवलं असतं तर गड कुठलाही झाला असता. तोरण्याचा अनुभव ताजा होता.

भाच्याला मी ती फाइल लेयरसकट पाठवली. अक्षरांचा लेयर अक्षरांच्याच रूपात ठेवला, चित्र करून टाकला नाही, म्हणजे उद्या ओळ बदलायची झाली तर टाइप करता येईल. फॉन्टही सोबत दिला. त्याने दोन दिवसांनी फोन केला. म्हणाला, "दादा, तो शिफ्टवाला ऱ लॅपटॉपवर सापडला, मोबाइलवर कुठाय?" त्याच्या कीबोर्डवर 'र' दाबून धरल्यावर निघाला.

जूनमध्ये पावसाळी पट्टी त्यानेच केली. तीन रंग बदलले, मागची शेवटची रांग काढून टाकली, कारण धुक्यात ती दिसत नाही. अक्षरांना हात लावला नाही. वजन २४ केबी. पट्टी गेली त्या रात्री खजिनदार काकांचा मला एका ओळीचा मेल आला: 'बाकी उत्तम, नेढं तेवढं बारीक करा.' पुढच्या ट्रेकला सुवेळा माचीवर त्यांनी मला हाताला धरून नेढ्यासमोर उभं केलं, फोनवर पट्टी उघडली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरून दाखवली. नेढं मी सातच ठेवलंय.